पाटीवरचं जादा ‘राज्य’

“नाव सांगू नकोस. नुसतं हो की नाही एवढं सांग. मास्तर आहेत का यादीत?”

“दादा, हो म्हटलं काय आणि नाही म्हटलं काय, नाव सांगितल्यासारखंच झालं.”

“अरे, मी काय पेपरात छापायला देणार आहे? सख्खा भाऊ आहे मी तुझा.”

“म्हणून तर अजून नीट बोलतोय.”

हे भांडण बाहेरच्या खोलीत चाललं होतं आणि मी आत पीठ मळत होते. मध्ये पडदा होता, भिंत नव्हती, त्यामुळे कान द्यायचीसुद्धा गरज नव्हती. आवाज आपणहून येत होते. आमच्या ह्यांचा चढत होता आणि भावजींचा, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांचा, होता तिथंच होता.

“तू सरकार बनवतोस का पाट्या रंगवतोस रे?”

“पाट्या रंगवतो. तोंड उघडायचं असतं तर सरकारच बनवलं असतं.”

“आजपासून मला दादा म्हणू नकोस.”

“बरं, दादा.”

हे तरातरा कामावर निघून गेले. पाणी उपसायच्या पंपावर होते ते. बदलीचा अर्ज दोन वर्षं पडून होता. मास्तर मंत्री झाले तर सगळ्यांच्या आधी त्यांच्या दाराशी जाऊन अभिनंदन करायचं, म्हणजे चेहरा लक्षात राहतो, असा ह्यांचा बेत. म्हणून ती यादी हवी होती.

आता भावजींकडे यादी कशी, ते सांगते. भावजी सरकारच्या मोठ्या इमारतीत पाट्या रंगवायला होते. मंत्र्यांच्या दारावरची नावं त्यांच्या हातची. मंत्री शपथ घेऊन थेट आपल्या खोलीशी येतात, तेव्हा दारावर नाव तयार असावं लागतं. एकदा एका मंत्र्याची पाटी यायला उशीर झाला, तर तो गृहस्थ पाऊण तास दाराबाहेर उभा. आत खुर्ची दिसत होती, पण नावाशिवाय आत पाऊल टाकेना. तेव्हापासून शपथेच्या आदल्या दिवशी भावजींना बंद पाकीट मिळायचं. म्हणजे कोण मंत्री होणार हे सरकारच्या प्रमुखांना माहीत, चष्मेवाल्या उपसचिवांना माहीत, आणि तिसरे आमचे भावजी.

अंगाने काटकुळे, लग्न राहून गेलेलं, हाताला कायम टर्पेंटाइनचा वास. पाटीवर आधी खडूच्या पुडीत बुडवलेला दोरा ताणून धरायचे आणि टणकन सोडायचे, की सरळ रेघ उमटायची. “वहिनी, शिरोरेषा तेवढी सरळ हवी. खालचा माणूस कसा का असेना,” म्हणायचे. मंत्री तक्रारी घेऊन यायचे. त्याची अक्षरं जाड, माझी बारीक. त्याची पाटी वर, माझी खाली. भावजी मोजपट्टी काढून दाखवायचे आणि एक शब्द बोलायचे नाहीत. खातेबदल झाला की मग तर मजाच. चांगली खोली कुणी सोडायचं नाही. मंत्री आपल्या खोलीत घट्ट, आणि खात्यांच्या पाट्या या दारावरून त्या दारावर फिरायच्या.

आणि एक काम ते कुणी न सांगता करायचे. एखाद्याचं मंत्रिपद गेलं की त्याची पाटी अडगळीत टाकायचे नाहीत. चार स्क्रू काढून काड्यापेटीत घालायचे, पाटी पेपरात गुंडाळून कापडी पिशवीत ठेवायचे आणि सुट्टीच्या दिवशी त्या माणसाच्या घरी नेऊन द्यायचे. मंत्री होताना दारात माणसं मावत नाहीत. उतरल्यावर जाणारे हे एकटेच.

तर त्या साली कुणालाच पुरतं बहुमत मिळालं नव्हतं. एक मोठा पक्ष, एक मधला आणि एक मास्तरांचा, मोजून सात माणसांचा, अशी मोट बांधलेली. अठरा दिवस खात्यांची वाटणी चालली होती. तीन जावा एका घरात आल्या की डब्यांची होते तशी. साखरेचा डबा तिघींना हवा, मिठाचा कुणालाच नको. मास्तर आमच्या भागातून निवडून आलेले. आधी शाळेत शिकवायचे म्हणून मास्तर. आमच्या वस्तीला दवाखाना देतो असं त्यांनी कबूल केलं होतं, त्यामुळे त्यांना आरोग्य खातं मिळावं म्हणून सगळ्यांनी देव पाण्यात घातले होते.

इमारतीच्या तळघरात भावजींची रंगाची खोली होती, पण तिच्या दाराशी पेपरवाले ठाण मांडून बसलेले. म्हणून त्या खेपेला उपसचिवांनी पाट्या घरी रंगवायची परवानगी दिली. आमच्या मागच्या खोलीत विटांवर फळ्या टाकून नऊ पाट्या ओळीनं वाळत ठेवल्या होत्या. दारू पिणाऱ्याच्या घरी बाटली ठेवतात का कुणी? पण भावजींना आमच्यावर भरवसा.

हे गेल्यावर थोड्या वेळानं भावजी स्क्रू आणायला बाहेर पडले. जाताना दाराला नुसती कडी घातली. म्हणाले, “वहिनी, येतोच.” आणि त्यानंतर वारं सुटलं. मागच्या खोलीची खिडकी आपटायला लागली. ओल्या रंगावर धूळ बसली की पाटी गेली, हे मला ठाऊक होतं. खिडकी लावायला मी आत गेले, हे खरं आहे. खिडकी लावून झाल्यावर मी बाहेर आले नाही, हेही खरं आहे.

मी दुसरीपर्यंत शिकलेली. वाचता येतं, पण बोट टेकवल्याशिवाय अक्षर लागत नाही. बोट उचललं की ओळ हरवते. पहिल्या पाटीवर नाव, आणि खाली ‘मंत्री’. दुसरीवर ‘मंत्री’. तिसरीवर ‘मंत्री’. चौथीवर मास्तरांचं नाव दिसलं. खालच्या ओळीवर बोट ठेवलं. रा. ज्य. राज्यमंत्री. पुढे आरोग्य.

मी तीन पाट्यांवर परत जाऊन पाहिलं. ते तिघं नुसतेच मंत्री. आणि आमच्या मास्तरांच्या आधी राज्य. साऱ्या राज्याचा मंत्री. माझ्या दोन इयत्तांनी मला एवढंच सांगितलं.

तिथंच गप्प बसले असते तर हे सांगायची वेळ आली नसती. पण मागच्या गॅलरीत शेजारची शिंपीणबाई कपडे वाळत घालत होती. सकाळीच मला ऐकवून गेली होती, “तुमचे दीर काय हो, नुसतं रंगवणार. त्यांना कोण सांगतंय आतलं.” ते डोक्यात होतंच.

“कुणाला सांगणार नसाल तर एक सांगते,” मी म्हटलं.

“मी? माझ्या पोटात सुई पडली तरी बाहेर यायची नाही.”

“मास्तरांचं झालं. आणि नुसते मंत्री नाही हं. राज्यमंत्री.”

“म्हणजे?”

“साऱ्या राज्याचे.”

“अगं बाई. मग बाकीचे?”

“बाकीचे नुसतेच मंत्री.”

शिंपीणबाईचा भाऊ मास्तरांची गाडी चालवायचा. तीन वाजता तो शर्टाचं बटण लावून घ्यायला तिच्याकडे आला. चार वाजता मास्तरांना कळलं.

संध्याकाळी हे घरी आले ते चपला काढायच्या आधीच बोलायला लागले. “मास्तर बिथरले. सातही जणांना घेऊन विश्रामगृहात जाऊन बसलेत, आतून कडी. उद्याची शपथ लांबली.”

भावजी जेवायला बसले होते. त्यांचा घास हातात थांबला.

“का बिथरले?” मी वाढता वाढता विचारलं.

“का म्हणजे? पूर्ण मंत्रिपद कबूल केलं होतं, आणि यादीत निघालं राज्यमंत्री. कुणीतरी फोडलं.”

“मग बिघडलं काय? राज्य दिलं ना त्यांना?”

हे पोट धरून हसले. “अगं, राज्यमंत्री म्हणजे हाताखालचा. मंत्री सही करतो, राज्यमंत्री शेजारी उभा राहतो.”

“मग त्याला राज्य कशाला म्हणायचं?”

“समजूत काढायला.”

हे आणखी हसले. भावजी हसले नाहीत. ते माझ्या हाताकडे बघत होते. मीही खाली पाहिलं. दिवसभर हाताला पीठ होतं म्हणून लक्षात आलं नव्हतं. पीठ धुऊन निघालं होतं, पण पहिलं बोट टोकाशी पांढरं ते पांढरंच. पाटीवरच्या अक्षरांचा पांढरा.

मी हात पदराखाली घेतला. मोरीवर जाऊन साबण लावला, राख लावली, नखानं खरवडलं. तेवढ्यात भावजी मागे येऊन उभे राहिले. मोरीच्या कट्ट्यावर टर्पेंटाइनची बाटली आणि चिंधी ठेवली.

“वहिनी, पाण्यानं जात नाही ते,” म्हणाले. आणि जाता जाता, “खिडकी लावलीत, बरं केलंत.”

एवढंच. त्या दिवशीही एवढंच आणि नंतर जन्मभर एवढंच. ते ओरडले असते, ताट भिरकावलं असतं, तर मी रडून मोकळी झाले असते. माझं बोट स्वच्छ झालं आणि मी मेल्याहून मेल्यासारखी झाले.

दोन दिवसांनी तडजोड झाली. मास्तरांना पूर्ण मंत्रिपद मिळालं, पण त्या बदल्यात आरोग्य खातं मधल्या पक्षानं उचललं. मास्तरांच्या वाट्याला आलं छपाई आणि लेखनसामग्री. मिठाचा डबा. एकाचं खातं हललं की सगळ्यांची हलतात, तेव्हा भावजींनी नऊच्या नऊ पाट्या पुन्हा रंगवल्या. नव्या फळ्या मिळायला वेळ नव्हता म्हणून जुन्या ओळींवर रंगाचा हात मारून वर नवी अक्षरं काढली. आमच्या वस्तीचा दवाखाना त्या वर्षी झाला नाही, पुढेही नाही.

मग चौकशी लागली. चौकशीत काय झालं ते भावजींनी घरी सांगितलं नाही. पाट्या ठोकणारा सुतार त्यांचा दोस्त, तो येऊन सांगून गेला. उपसचिवांनी विचारलं, “घरी कोण कोण असतं?” भावजी म्हणाले, “भाऊ आणि वहिनी. भावाला सांगितलं नाही, त्यावरून आमचं भांडण झालं, शेजारीपाजारी विचारा. आणि वहिनींना वाचता येत नाही.” “मग फुटलं कुठून?” “मग माझ्याच तोंडून गेलं असेल.” “कुणाला सांगितलंत?” “ते नाही सांगणार.”

भावजींच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं खोटं, आणि तेही सुताराकडून ऐकलेलं. सुतार मला म्हणाला, “वहिनी, तुम्हाला काय वाटतं, कुणाला सांगितलं असेल हो त्यांनी?” मी म्हटलं, “चहा घेता का?”

पाट्यांचं काम लेखनसामग्री खात्याखाली यायचं. त्यामुळे भावजींना पाट्यांवरून काढायच्या कागदावर सही झाली ती नव्या पूर्ण मंत्र्यांची, मास्तरांची. त्यांच्या पहिल्याच सह्यांमधली एक.

भावजींना फर्निचरच्या गोदामात टाकलं. तिथं काम काय, तर खुर्च्यांच्या आणि टेबलांच्या खालच्या बाजूला नंबर घालायचे. ज्यांची अक्षरं सगळं सरकार मान वर करून वाचायचं, ते बारा वर्षं उताण्या खुर्च्यांवर वाकून लिहीत राहिले. मी एकदा डबा द्यायला गेले तर तिथंही दोरा ताणून रेघ मारत होते. “इथं कोण बघणार आहे, भावजी?” मी म्हटलं. म्हणाले, “खुर्ची उलटली की दिसतं. आणि खुर्ची उलटतेच.”

एक बरं झालं, उतरवलेल्या पाट्या गोदामातच यायच्या. त्यामुळे त्यांची ती घरपोच फेरी सुटली नाही.

वस्तीत मात्र त्यांचं नाव पडलं रेडिओ. दवाखाना भावजींच्या तोंडामुळे गेला असं लोक धरून चालले. “काय रेडिओ, आज काय बातमी?” कोपऱ्यावरचा न्हावी विचारायचा. “आज बॅटरी उतरलीय,” भावजी म्हणायचे आणि पुढे जायचे. मी सोबत असले की चपलेचा अंगठा नीट करायला खाली वाकायची. न्हाव्याला वाटत असेल, या बाईच्या चपला कायम तुटलेल्या कशा.

पण न्हाव्याचं काय घेऊन बसलात. खरं ते घरातच. ह्यांनी भावजींशी चार महिने बोलणं टाकलं. “सख्ख्या भावाला सांगितलं नाहीस आणि गावाला सांगितलंस,” हे एकच वाक्य. पुढे बोलायला लागले, पण पहिल्यासारखं नाही. मला वाटायचं, आज सांगू. ह्यांचा मूड बघायची. मग म्हणायची, बदलीचं काम होऊ दे. बदली झाली. म्हणायची, ह्यांचा खोकला थांबू दे. खोकला थांबला नाही. आमचे हे गेले ते धाकटा भाऊ आपल्याला परका समजला असं धरूनच गेले. शेवटच्या आठवड्यात भावजी त्यांचे पाय चेपत होते आणि मी दारात उभी होते. एक वाक्य लागलं असतं. मी औषधाची वेळ झाली का ते बघायला घड्याळाकडे गेले.

भावजींना जाऊन आता नऊ वर्षं झाली. जायच्या आधी महिनाभर शेवटची फेरी झाली तिची गोष्ट राहिली.

ते केव्हाच निवृत्त झाले होते. पाट्याही आता प्लास्टिकच्या, मशीनवर कापलेल्या. सरकारं आली गेली, मोटी बांधल्या सुटल्या, आणि मास्तर सात जण घेऊन कधी या बाजूला तर कधी त्या बाजूला, पण मंत्री कायम. त्या वर्षीच्या फेरबदलात मात्र त्यांना वगळलं. सातांतले चार दुसरीकडे गेले होते, उरलेल्या तिघांची किंमत राहिली नव्हती. सुतार, तोही आता म्हातारा, एक दिवस पिशवी घेऊन घरी आला.

“मास्तरांनी लाकडाची पाटी बदलू दिली नव्हती. तुमच्याच हातची आहे. नुसती खात्याची पट्टी बदलायचो,” तो म्हणाला. “आता तुमच्याशिवाय कोण नेणार?”

भावजींचे गुडघे धरलेले, डोळ्यांत मोतीबिंदू. मी म्हटलं, मी येते बरोबर. बसमध्ये पाटी आम्हा दोघांच्या मांडीवर आडवी होती. मी ठरवून निघाले होते. आज मास्तरांसमोर बोलायचं, म्हणजे मागं घेता यायचं नाही.

मास्तरांच्या दारात एकही चप्पल नव्हती. स्वतःच दार उघडायला आले, सदऱ्याचं वरचं बटण उघडं. भावजींना ओळखायला वेळ लागला, आणि ओळखलं तेव्हा ते जरा मागे सरकले.

“तुम्ही आणलीत?”

“पाटी पोचवायची पद्धत आहे आमची,” भावजी म्हणाले. “नाव वाचून घ्या.”

मास्तरांनी पेपर सोडला आणि पाटी खिडकीशी नेली. उजेड तिरपा पडत होता. खालच्या ओळीवर त्यांनी अंगठा फिरवला आणि थांबले. रंगाच्या थराखाली जुन्या अक्षरांच्या कडा उठून दिसत होत्या.

“इथं खाली ‘राज्य’ आहे,” ते म्हणाले.

“होतं. त्यावरच रंगवलं,” भावजी म्हणाले.

“आणि हे काय दबलंय? ‘रा’च्या पायाशी? बोट दिसतंय कुणाचंतरी.”

“माझं,” मी म्हटलं. “मास्तर, त्या दिवशी ते मीच—”

“वहिनींना वाचता कुठं येतं,” भावजी मध्येच म्हणाले. अगदी साध्या आवाजात, हवापाण्याचं बोलावं तसं. “वारं सुटलं होतं. खिडकी लावायला गेल्या, हात लागला.”

तीस वर्षं मी अभिमानानं सांगत आले होते, दुसरी शिकलेय म्हणून. त्या क्षणी अडाणी म्हणवून घेण्यापलीकडे माझ्या हातात काही ठेवलं नव्हतं भावजींनी. मी मान खाली घातली.

पण मास्तर शेवटी मास्तर. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग त्या बोटाच्या खुणेकडे. ‘रा’च्या पायाशी एक, ‘ज्य’च्या पायाशी एक, जरा पुसट. “बोट टेकवून वाचणारी पोरं मी फार शिकवली,” ते हळू म्हणाले. भावजींकडे वळले. “आणि मी तुमच्या बदलीच्या कागदावर न वाचता सही केली होती.”

भावजींनी फरशीवर पडलेला पेपर उचलला.

“शेजारी उभं राहायला काय जात होतं माझं,” मास्तर पाटीकडे बघत म्हणाले. “दवाखाना झाला असता.”

खोलीत आम्ही तिघं होतो आणि कुणाच्याच नजरेला जागा नव्हती. मास्तर पाटीकडे, मी फरशीकडे. भावजी तेवढे खिसा चाचपत होते. काड्यापेटी काढली आणि मास्तरांच्या हातावर ठेवली.

“चार स्क्रू आहेत. मोजून घ्या.”

मास्तरांनी पेटी उघडून मोजले. “चार,” म्हणाले. “चहा घेऊन जा.”

“नको. पोचवायचीच होती.”

भावजींनी पेपराची घडी केली, रिकाम्या पिशवीची चौपदरी घडी केली आणि काखेत धरली. दाराशी चपला घालताना मला म्हणाले, “वहिनी, सव्वापाचची बस मिळेल. चला.”